पासलीची पिपाणी आणि बिनतारीची परीक्षा

भोरची मोटार पुण्याहून सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक लाकडी पेटी होती आणि तीत साप असावा, असा शेजारच्या वाण्याला दाट संशय होता. प्रत्यक्षात तीत होता शिट्टीसारखा वाजणारा बझर, तो वाजवायची किल्ली आणि एक बॅटरी. मला घरून बिनतारी संदेश पाठवण्याचा हौशी परवाना हवा होता. त्याच्या परीक्षेत मी एकदा सपशेल आपटलो होतो. मी मोर्सच्या आवाजातली टिंबे आणि रेघा, म्हणजे आखूड आणि लांब सूर, मोजत बसायचो. मोजून अक्षर लिहीपर्यंत पुढची दोन निघून गेलेली असायची. पुन्हा आपटलो तर पेटी विकून टाकायची, असे वडिलांनी बजावले होते.

वाटेत भाटघरच्या धरणाची लांबलचक भिंत दिसली. वाणी ती बघायला वळला आणि माझ्या पेटीची सुटका झाली. भोरला मामांकडे मुक्काम केला. पेन्शनीत निघालेले एक तारमास्तर वेल्ह्यापलीकडे पासलीला राहतात आणि ते शिकवायला तयार आहेत, हे मामांनीच कळवले होते.

दुसऱ्या दिवशी निम्मी वाट बैलगाडीने, निम्मी पायी. दोन्ही बाजूंना पिवळी पडू लागलेली खाचरे (भाताची बांधीव शेते) होती आणि मधूनच एखादी सर येत होती. चालायला फार बरे वाटत होते. कानंदी नदी ओलांडताना मात्र पाय घसरला. मी वाचलो, पेटी वाचली, बॅटरी भिजून कामातून गेली.

तारमास्तरांना सारा गाव तात्या म्हणे. माझा रडवेला चेहरा बघून ते म्हणाले, "आधी जेवा. मंग बगू."

नाचणीची भाकरी आणि खेकड्यांचे कालवण पोटात गेल्यावर जग थोडे सुधारले. मग तात्यांनी तांब्यावर अडकित्त्याने ठकठक सुरू केली. मला एक अक्षर लागेना.

"आमच्या तारेत अशीच ठकठक यायची," ते म्हणाले. "दोन ठोक्यांमधला येळ धरायचा."

बिनतारीत आवाज लांबतो किंवा आखडतो. ठोक्यांचे शास्त्र मला ठाऊक नव्हते आणि बझर तर मुका झालेला. इतकी पायपीट फुकट गेली म्हणून मी खरोखर हिरमुसलो.

काकी, म्हणजे तात्यांचे कुटुंब, चुलीपुढून म्हणाल्या, "नातवाची पिपानी हाय की जत्रेतली. लांब बी वाजती, आखूड बी."

झाले. ओसरीवर बसून तात्या पिपाणी फुंकू लागले. बांधावरून एका शेतकऱ्याने विचारले, "तात्या, लगीन हाय का कुनाचं?"

"न्हाई, ह्यांची परीक्षा हाय."

"मंग वाजवा, वाजवा," म्हणून तो निवांत बसलाच.

लांब रेघांना तात्यांचा दम तुटायचा, पण वेग कमी करायला ते तयार नसत. माझी पेन्सिल त्यांनी काढून घेतली. मी धोतराच्या घोळात हात लपवून बोटांवर मोजू लागलो. "बोटं बी दिसत्यात मला," ते म्हणाले. मुक्काम संपला तरी माझी मोजणी काही संपली नाही.

निघताना काकींनी तांदळाची पिशवी दिली. तात्या म्हणाले, "हुईल." मला तसे मुळीच वाटत नव्हते. पुन्हा नापास होणार, पेटी जाणार, हेच घोकत मी चालू लागलो. गावाबाहेरच्या वळणाशी आलो तर मागून पिपाणी वाजली. माझी छत्री राहिली होती. मी वैतागून परत फिरलो.

दारात काकी छत्री घेऊन उभ्या होत्या. "कळलं व्हय?" त्यांनी विचारले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तात्यांनी छत्रीचे इंग्रजी नाव अक्षर अक्षर करून वाजवले होते आणि मी एकही टिंब मोजले नव्हते. तात्यांना इतका दम लागला होता की बोलता येईना. ते नुसते हसत होते. मी त्यांच्या पाया पडलो. डोळे भरून आले, ते लपवलेही नाहीत.

पुढे मुंबईला परीक्षा दिली आणि पास झालो. परवाना मिळाल्याचा आनंद मोठाच होता. पण मनात राहिले आहे ते पासलीबाहेरचे वळण. आपल्या माणसाने मागून हाक मारली, तर तिची अक्षरे कोण मोजत बसतो? पाय आपोआप वळतात.