एकसारखा डिंक

भिजलेल्या डिंकाचा आंबूस वास आला, की डोकं फिरतं. नंदुरबारच्या आमच्या फार्मसी कॉलेजात मी धावड्याच्या डिंकात औषधी गोळ्या बांधून बघत होते, आणि दर खेपेला खळ वेगळीच : कधी पाण्यासारखी पातळ, कधी चमचा उभा राहील अशी. वैतागून बाजारातल्या डिंकवाल्या मावशींना बजावलं, "मला प्रत्येक वेळी एकसारखाच डिंक पाहिजे." पुढच्या आठवड्यात मावशींनी कौतुकाने पिशवी उघडली. "ताई, बठ्ठा खडा एकसारखा करी टाकात!" नवा, जुना, त्यात बाभळीचाही डिंक मिसळून, दोन दिवस खपून त्यांनी एकेक खडा हरभऱ्याएवढा फोडला होता. मी कपाळाला हात लावला. त्या अजूनही तसाच फोडून आणतात, आणि माझ्या तपासणीच्या तक्त्यात एकच रकाना दरवेळी पास होतो : खड्यांचा आकार.