नाओकोचा उपास

त्या नवरात्रात मी देवीपुढे रोज भांडायलाच बसत होते. घट बसवला होता, धान्य छान उगवून आलं होतं, दिवा शांत तेवत होता, आणि मी हात जोडून मनातल्या मनात धुसफुसत होते. इतकी वर्षं तुझं सगळं करते, एवढं एक काम तुझ्याच्याने होत नाही का? देवीला असं विचारू नये, हे मला कळतं. पण माणूस पार वैतागला की कळलेलं सगळं बाजूला राहतं.

काम होतं माझ्या सुनेचं. नाओको जपानची. दिल्लीजवळच्या मानेसरला एका कारखान्यात जपानी-इंग्रजीची दुभाषी म्हणून आली, तिथे इंजिनियर असलेल्या माझ्या मुलाशी, निखिलशी, ओळख झाली आणि लग्न झालं. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे आमचा जन्म दिल्लीतच गेला. ते गेल्यापासून दिल्लीच्या द्वारका भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच. नवऱ्याच्या नात्याने भारतात कायम राहता यावं म्हणून नाओकोने अर्ज केला होता, आणि त्या अर्जाने आमच्या घराची झोप उडवली होती. फोटो परत आला, कारण मागचा रंग चालेना. पांढरा करून पाठवला, तर चेहरा नीट दिसत नाही म्हणून पुन्हा परत. सही चौकटीच्या बाहेर गेली. लग्नाच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट निघाला. कचेरीच्या खिडकीवर जाऊन विचारावं तर उत्तर ठरलेलं, "मॅडम, सिस्टम नहीं ले रहा." सिस्टम घेत नाही, मग मी कुणाच्या पाया पडू?

त्यावर कडी म्हणजे लग्न खरं असल्याचे पुरावे मागितले. दोघं एकत्र राहतात, संसार करतात, हे दाखवा. नाओको आजारी असताना निखिल तिच्या केसांना तेल लावत बसायचा, त्याचा फोटो कोण काढून ठेवतं? आमच्याकडे होते ते सगळे फोटो लग्नाचे, नटून-थटून उभे राहिलेले. त्यातच कंपनीने निखिलला काही महिन्यांसाठी चेन्नईच्या कारखान्यात पाठवलं. आणि तो गेल्यावरच निरोप आला की चौकशीला पोलीस घरी येतील, या आठवड्यात कधीही. व्हिसाची मुदत संपत आली होती. अहवाल वाईट गेला तर तिला देश सोडावा लागणार होता. नवरा घरात नाही, सून परदेशी, आणि ती नुकतीच डेंग्यूतून उठलेली, जिना चढला तरी धाप लागायची. आणीबाणीच म्हणायची ही.

मग मी घर सजवायला घेतलं. खरं सांगते, नाटकाचा सेटच लावला. बैठकीत लग्नाचा मोठा फोटो टांगला. टीपॉयवर अल्बम. निखिलचे इस्त्रीचे शर्ट दारातून दिसतील असे लटकवले. नाओकोला बजावलं, बांगड्या काढू नकोस, साहेबांपुढे हळू बोल. ती मान लववून "हो, आई" म्हणाली. लग्न झाल्यापासून ती माझ्या प्रत्येक बोलण्यावर अशीच मान लववायची. एका शब्दाने कधी उलट बोलली नव्हती. लोक मला भाग्यवान म्हणायचे. मला मात्र कधी कधी वाटायचं, ही अजून पाहुणीच आहे.

सहाव्या माळेच्या दिवशी दुपारी मी कोथिंबीर शोधायला फ्रिज उघडला. दह्याच्या पातेल्यामागे तीन डबे एकावर एक ठेवलेले. उघडले, तर तिन्हींत मुगाची खिचडी. डेंग्यूनंतर अंगात ताकद यावी म्हणून मी रोज तिच्यासाठी करत होते, ती. माझं डोकंच फिरलं.

"नाओको! हे काय आहे? जेवत नाहीयेस तू?"

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. चेहरा पांढराफटक. "माझा उपास आहे," ती म्हणाली. "देवीचा. पेपर्ससाठी."

"कुणी सांगितला तुला हा शहाणपणा? डॉक्टर काय म्हणाले ऐकलं नाहीस? चक्कर येऊन पडलीस तर निखिलला मी काय तोंड दाखवू?"

"तुम्ही पण करता!" तिचा आवाज चढला. असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "तुम्हाला शुगर आहे. डॉक्टर तुम्हाला पण नाही बोलले. काल तुमचे हात असे असे कापत होते. मी बघितलं. तुम्ही माझ्यासाठी उपाशी, मग मी काय बसून खाऊ?"

"माझं वय झालंय, माझं सोड!"

"नाही सोडणार! बिल्कुल नाही! आधी तुम्ही जेवा!"

"आधी तू!"

आम्ही दोघी अशा ओरडत होतो की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. नाओको रडत होती, मीही रडत होते, डबा माझ्या हातात तसाच. आणि मागून कुणीतरी खाकरलं. वळून बघते तर बैठकीत एक पन्नाशीचे गृहस्थ उभे. साधा शर्ट, काखेत फाइल. कचरा नेणाऱ्या बाईच्या मागे मी दार लावायचं विसरले होते.

"घंटी बजाई थी, माताजी," ते म्हणाले. "आप लोगों ने सुनी नहीं. थाने से आया हूँ, बहूजी की इन्क्वायरी है."

संपलं सगळं, असं वाटलं. इतके दिवस घर मांडून बसले, आणि त्यांना दिसलं काय, तर सासू सुनेवर खेकसतेय आणि सून ढसाढसा रडतेय. त्या क्षणी मी देवीला काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ते खुर्चीत बसले. भांडण कशाचं, असं त्यांनी विचारलं. नाओकोनेच मोडक्या हिंदीत सांगितलं, आईंना शुगर आहे तरी खात नाहीत, म्हणून डेंग्यू झाला तरी मीही खात नाही. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग फाइल मिटून मांडीवर ठेवली.

"पहले आप दोनों खाना खाइए. मेरे सामने. काग़ज़ बाद में देखेंगे."

"पर हमारा व्रत..." मी पुटपुटले.

"व्रत मेरा भी है, माताजी. पर मुझे ना डेंगू है, ना शुगर."

मी खिचडी गरम केली. मुकाट्याने दोन ताटल्या घेतल्या, वर तूप सोडलं. नाओकोने माझ्याकडे बघत घास घेतला, मग मीही घेतला. त्यांनी नुसता चहा घेतला आणि आमचं होईपर्यंत फाइल उघडली नाही. नंतर निखिलच्या बदलीचं पत्र पाहिलं, त्याला फोन लावून दोन प्रश्न विचारले. अल्बमची दोन पानं उलटली आणि ठेवून दिला. शर्टांकडे तर त्यांचं लक्षही गेलं नाही. निघताना नाओकोला विचारलं, "मराठी कहाँ से सीखी?"

माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ये चिल्लाती हैं. उसी से."

ते मोठ्याने हसले. अहवालात काय लिहिलं, मला ठाऊक नाही. दिवाळीनंतर नाओकोचं भारतात कायम राहण्याचं कार्ड आलं, एवढंच माहीत आहे. हा चमत्कार होता असं मी कुणाला सांगत नाही. एक सज्जन माणूस कामासाठी आला आणि काम करून गेला. देवीच आली होती म्हणावं, तर त्यांना चांगल्या झुपकेदार मिशा होत्या.

पण त्या संध्याकाळी घटापुढे बसले तेव्हा माझी भांडणाची ताकदच संपली होती. उपास मोडला म्हणून भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. मी मांडून ठेवलेल्यातलं काहीच उपयोगी पडलं नव्हतं. जे कुणाला दिसू नये म्हणून जपत होते, माझा तो संताप आणि तिचं ते रडणं, तेच नेमकं दारातून दिसलं, आणि त्यानेच आमचं काम केलं असावं. आणि कार्डाच्या आधीच मला दुसरं काही मिळालं होतं, जे मागायचं मला कधी सुचलंच नव्हतं. माझी सून माझ्यावर ओरडली होती. पाहुणी कधी अशी ओरडत नाही.

नाओको शेजारी येऊन बसली. आरती तिला अर्धीच येते, उरलेली ती गुणगुणते. मी त्या दिवशी काहीच मागितलं नाही. मी अजूनही चिडते, कागदांवर, खिडक्यांवर, सिस्टमवर. स्वभावाला औषध नाही. पण आता चिडले की देवीला एवढंच सांगते, हे माझ्याने होत नाहीये, तू बघ. आणि उठून दोन ताटं वाढते.