काकांनी पाहिलेला देवमासा

"कशावरून?"

हे विचारताना ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्याकडे मान थोडी वाकडी करून बघायचे. त्यात राग नसायचा, कुत्सितपणाही नसायचा. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. तुम्ही म्हणालात, बाहेर पाऊस थांबलाय, तर "कशावरून?" तुम्ही म्हणालात, लुआस ट्राम पाच मिनिटांत येतेय, तर "कशावरून?" पाटीवर लिहिलंय म्हटलं की ते पाटीकडे अशा नजरेने पाहत, जणू ती पाटी पूर्वी एकदा त्यांच्याशी खोटं बोलली होती.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेलच. आमच्या वाट्याला आलेला हा माणूस सांगलीचा होता, साठीला टेकलेला होता आणि आयर्लंडमधल्या सँडीफोर्डच्या आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होता. २०१४ साली कंपनीने त्यांना पुण्याहून पाठवलं. आम्ही बाकीचे प्रोग्रॅम लिहायचो आणि ते त्यातल्या चुका काढायचे. वयाचा मान म्हणून मी आणि माझा नवरा निखिल त्यांना काका म्हणू लागलो आणि मग ऑफिसातले आयरिश लोकही काका म्हणू लागले.

आमच्या आयरिश मॅनेजरला सगळंच 'ग्रँड' वाटायचं. काम झालं, ग्रँड. काम नाही झालं, तरी ग्रँड. काकांना या शब्दाचा भयंकर संशय. "ग्रँड म्हणजे उत्तम, की ठीकठाक, की आता तू जा?" असं ते मला विचारायचे. एकदा तर भर मीटिंगमध्ये त्यांनी त्याला विचारलं, "ग्रँड, ऑन व्हॉट बेसिस?" तो हसून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "युअर मॅन्स गॅस." हा माणूस भारी गमतीदार आहे, असा त्याचा अर्थ. काकांनी तोही माझ्याकडून दोनदा तपासून घेतला.

ते आमच्याच इमारतीत राहायचे, काकूंबरोबर. काकू गुहागरजवळच्या एका गावातल्या, मास्तरांची मुलगी. बोलायच्या कमी. दर महिन्याला काका संकष्टी धरायचे. गणपती ही एकच गोष्ट अशी होती, की जिच्याबद्दल त्यांनी कधी "कशावरून" विचारलं नाही. चंद्राबद्दल मात्र विचारायचे. फोन सांगायचा, चंद्रोदय झाला. काका आमच्या बाल्कनीत येऊन उभे राहायचे, कारण त्यांच्या बाल्कनीसमोर दुसरी इमारत होती. वर नुसते ढग. "उगवलाय हे कशावरून?" ढगाची कड जरा उजळली की मगच जेवायचे. काकूंना उपास नसायचा, पण त्याही तोवर जेवायच्या नाहीत. स्वयंपाक झाकून शेजारी उभ्या राहायच्या.

२०१६ साली काकांनी निवृत्त व्हायचं ठरवलं. पुण्यातल्या मुलीला बाळ होणार होतं, म्हणून पावसाळ्यानंतर दोघं कायमची परत जाणार होती. जाण्याआधी एक मोठी सहल करू, असं आम्हीच त्यांच्या मागे लागलो. नॉर्वेच्या किनाऱ्याने थेट उत्तरेपर्यंत जाणारं जहाज, डोंगर, हिमनद्या आणि न मावळणारा सूर्य. काकांनी होकार दिला तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

जहाज रोज एका बंदराला लागणार आणि प्रत्येक बंदरावर उतरून काय काय बघायचं ते आधीच निवडायचं होतं. त्याचं जाडजूड पुस्तक आलं. मग दर रविवारी आमच्या घरी थालीपिठांबरोबर त्या पुस्तकाची सुनावणी सुरू झाली.

"'अविस्मरणीय अनुभव'. कशावरून? अजून कोणी गेलंच नाही."

"काका, आधी लोक गेलेत."

"मग त्यांच्या लक्षात राहिलं असेल. माझ्या राहील हे कशावरून?" पुढचं पान. "'सौम्य चढ'. कोणाला सौम्य? लिहिणाऱ्याला, की चढणाऱ्याला? आणि हे बघ, कुत्र्यांच्या गाडीतून रपेट. जूनमध्ये बर्फ नसतो. मग कुत्री ओढणार काय?"

निखिल म्हणाला, "चाकं लावतात म्हणे गाडीला."

"म्हणजे बैलगाडीच झाली," म्हणून काकांनी त्यावर काट मारली. मध्यरात्रीचा सूर्य बघायची सहलही तशीच गेली. "ढग आले तर सूर्य आहे, हे तरी कशावरून?" काका म्हणाले.

काकू थालीपीठं थापत ऐकत होत्या. हात धुऊन त्या आल्या आणि पुस्तकातल्या एका चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. "मला हे बघायचंय."

छोट्या उघड्या बोटीतून खुल्या समुद्रात जाऊन देवमासा बघण्याची ती सहल होती.

काकू लहान असताना त्यांच्या गावच्या किनाऱ्याला एक मेलेला देवमासा लागला होता. आख्खं गाव नाकाला पदर लावून बघायला लोटलं. वडिलांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं. "केवढा थोरला होता, आणि नुसता पडलेला," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून मनात आहे. जिवंतपणी कसा दिसत असेल, ते एकदा बघायचंय. परत गेल्यावर कुठलं व्हायला आता."

मी त्या दोन वर्षांत काकूंना काही मागताना पाहिलं नव्हतं. निखिल पटकन "जाऊया की" म्हणाला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"'दिसण्याची शक्यता उत्तम.' शक्यता हा शब्द कशाला घातलाय? आणि एवढीशी बोट. इंजिन बंद पडलं तर? तुला पोहता येत नाही. मला पोहता येत नाही. कोण कोणाला काढणार?"

काकूंनी चित्रावरचं बोट उचललं आणि त्या तव्याकडे गेल्या.

पण काका नुसतं नाही म्हणून थांबणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातून त्या नॉर्वेच्या बोटवाल्याला फोन लावला. आपण पंच्याऐंशी वर्षांचे आहोत, दोन्ही गुडघे गेलेले आहेत आणि पाण्याला घाबरतो, असं त्याला सांगितलं. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. सॉफ्टवेअर तपासताना मुद्दाम टोकाची उदाहरणं द्यायची आणि ते कुठे मोडतं ते पाहायचं. बोटवाला बिचारा नम्रपणे म्हणाला, आजोबा, तुम्ही न आलेलं बरं. काकांनी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. "बघ, ते स्वतःच नको म्हणतायत." त्या बंदरावर आम्हा चौघांसाठी त्यांनी बसची सहल नोंदवून टाकली. धबधबा, चर्च आणि परत.

मला त्यांचा रागच आला. मी त्यांच्यावर नाही नाही ते संशय घेतले. हा माणूस भित्रा आहे, हा बायकोला काही मिळू देत नाही, याला पाणी दिसलं की घाम फुटतो आणि तत्त्वाचं नाव पुढे करतो. जहाजावर चढल्यावर मी काकूंना गाठलं आणि आम्ही दोघी सहलींच्या काउंटरवर जाऊन गुपचूप देवमाशाच्या बोटीत दोन जागा घेतल्या. काउंटरवरच्या मुलीने बजावलं, लाटा असतात, सकाळी पोट रिकामं ठेवा. काकूंचे डोळे लकाकले. "ह्यांना सांगू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

बेत असा होता, की आदल्या संध्याकाळी काकूंनी डोकं दुखतंय म्हणायचं आणि मी त्यांच्याजवळ थांबायचं. जेवायला बसलो. बाहेर ऊन तसंच लख्ख. काका उद्याच्या नाश्त्याला काय काय असेल त्याचा अंदाज बांधत होते. काकूंनी तोंड उघडलं आणि त्यांना समोर तो चष्मा दिसला. डोकं दुखतंय म्हटलं तर "कशावरून" येणार, हे त्यांना कळलं असावं. त्या गडबडल्या आणि ज्यावर काका कधी प्रश्न विचारत नाहीत तीच एक गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली.

"उद्या मी संकष्टी धरते म्हणते. सकाळी काही खायची नाही. उपाशीपोटी मला बसमध्ये गरगरतं. मी इथेच थांबते. ही थांबेल माझ्यासोबत."

जहाज निघण्याच्या आधीच्या आठवड्यात काका आमच्या बाल्कनीत उभे राहून ढगांशी हुज्जत घालत होते. संकष्टी महिन्यातून एकदाच येते. शिवाय जिथे सूर्यच मावळत नव्हता तिथे ही बाई चंद्र बघून उपास सोडणार होती. काकांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चष्मा नाकावरच होता.

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी सूप प्यायला सुरुवात केली.

काकांनी एखादी गोष्ट नुसती "बरं" म्हणून सोडली, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला त्या "बरं"ची धास्तीच बसली. जेवण झाल्यावर ते "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून उठले तेव्हा तर मी निखिलला म्हटलं, की आता हे जाऊन सगळं रद्द करणार. काकूंना काही सांगायचा मला धीर झाला नाही.

सकाळी काका निखिलला घेऊन बसकडे गेले. आम्ही दोघी जहाजाच्या शिडीवरून चोरासारख्या उतरलो आणि धक्क्याच्या टोकाला बोट होती तिथे पोचलो. केशरी रंगाचे फुगीर पोशाख घालून माणसं उभी होती. त्यांतला एक केशरी माणूस बोटवाल्यासमोर मान वाकडी करून उभा होता.

"अँड इफ द सेकंड इंजिन ऑल्सो स्टॉप्स?"

बोटवाला त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाला, "सर, तुम्ही मला फोन केला होतात का?"

"माझ्या थोरल्या भावाने केला असेल," काका म्हणाले.

काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या. "अहो, तुम्ही? बस?"

"निखिल गेलाय बसने. रात्री काउंटरवर विचारलं, बोटीत एकच जागा उरली होती." काकांनी काकूंचं लाइफ जॅकेट उचललं, त्यांना चढवलं, प्रत्येक पट्टा ओढून पाहिला. मग खाली बघतच म्हणाले, "संकष्टी गेल्या आठवड्यात झाली."

"मग काल बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू आली नसतीस."

या माणसाने आयुष्यभर सापडलेली प्रत्येक चूक कळवली होती. ही एकच त्याने आपल्याजवळ ठेवली. मला माझ्या सगळ्या संशयांची लाज वाटली नाही, खोटं कशाला बोलू, पण काकांबद्दल फार माया वाटली.

काकू पुढच्या बाकावर, काका त्यांच्या मागे आणि मी काकांच्या शेजारी बसले. बोट सुटली. काकूंच्या जॅकेटच्या पाठीवर एक रुंद पट्टा होता. काकांनी तो मुठीत धरला आणि मूठ वळून घट्ट केली. ओठ पांढरे पडले होते. हा माणूस खरंच घाबरला होता. लाट आली की डोळे मिटायचा, पण मूठ सोडत नव्हता.

बऱ्याच वेळाने बोटवाल्याने हात वर केला. दूर पाण्यावर एक काळपट पाठ दिसत होती, मध्येच वाफेचा फवारा उडत होता. बोट हळूहळू जवळ गेली. बोटवाला कुजबुजला, आता तो बुडी मारेल, बघत राहा. आणि आवाज नको म्हणून त्याने इंजिन बंद केलं.

काका दचकून मागे वळले. "इंजिन का बंद झालं?"

नेमकी तेव्हाच समोर शेपटी वर आली. पाणी निथळत ती सावकाश उभी राहिली आणि तितक्याच सावकाश पाण्यात गेली. काकूंचे दोन्ही हात तोंडावर होते. काका मागे वळून इंजिनाकडे डोळे लावून बसले होते. त्यांनी पुन्हा पुढे पाहिलं तेव्हा समोर नुसतं सपाट पाणी होतं.

काकू वळल्या. गाल ओले झाले होते. "पाहिलात ना हो?"

काका काकूंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"पाहिला," ते म्हणाले.

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, कशावरून? मी ते गिळलं.

ठरल्याप्रमाणे दोघं पुण्याला गेली. दोन वर्षांनी मी सुट्टीला गेले तेव्हा त्यांच्या घरी शेजारचे एक गृहस्थ बसले होते आणि काका त्यांना तीच कथा सांगत होते. नात मांडीवर. "शेपटी केवढी, तर ह्या दारापेक्षा मोठी. आणि अशी सावकाश..." ते हाताने दाखवत होते. अगदी बरोबर दाखवत होते, काकूंनी त्यांना सांगितलं असेल तसंच. गृहस्थ म्हणाले, "काहीतरीच. एवढी कुठे असते?" काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी होते ना ह्यांच्या पुढ्यात." मला वाटलं, काकूंना बिचाऱ्यांना काही ठाऊक नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. झोपेतच, असं मुलीने कळवलं. ऑफिसात मी मॅनेजरला सांगितलं. एरवी सगळ्यालाच ग्रँड म्हणणारा तो माणूस त्या दिवशी एकदाही ग्रँड म्हणाला नाही.

काही आठवड्यांनी मी काकूंना फोन केला. आता संकष्टी त्या धरतात म्हणाल्या. "इथे चंद्र लगेच दिसतो गं. थांबावं लागत नाही."

"ह्यांनी तो मासा पाहिलाच नव्हता," काकू म्हणाल्या.

आणि इतक्या वर्षांनी तो शब्द माझ्याच तोंडून निघाला. "कशावरून, काकू?"

"माझ्या पाठीवरचा पट्टा फिरला ना तेव्हा. ते मागे वळले होते. पण त्यांनी तो सोडला नाही."