चष्म्यातली छत्री

लेकीच्या ऑपरेशनआधी घरीच तिचा एक चांगला फोटो काढून घ्यावा, म्हणून मी छत्रीवाल्या काकांना बोलावलं. ते फ्लॅश कॅमेऱ्यावर न लावता वेगळ्या स्टँडवर लावतात आणि त्याच्यापुढे पांढरी छत्री उघडतात, म्हणून त्यांना हे नाव पडलं.

"काका, आमचं छप्पर गळत नाही हं," लेक म्हणाली.

"गळायला लागलं की सांग, भाड्याने देईन," ते म्हणाले.

पहिल्या फोटोत तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत छत्री उमटली आणि डोळे दिसेनासे झाले. ती बसल्या जागी दमत चालली होती. "तिला चष्मा काढायला सांगू का?" मी विचारलं.

"नको," ते जरा जोरातच म्हणाले. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "माझ्या मुलीला मी काढायला लावला होता, ताई. फोटो अगदी स्वच्छ आला. पण चष्म्याशिवाय तिला मी दिसतच नव्हतो, म्हणून ती भलतीकडेच बघतेय. तोच तिचा शेवटचा फोटो. बारा वर्षं भिंतीवर आहे, पण माझ्याकडे बघत नाही."

मी स्टँडला जागा व्हावी म्हणून टेबल ओढून घेतलं. काचा मोकळ्या होईपर्यंत ते छत्री थोडी थोडी वर आणि बाजूला नेत राहिले.

"आता माझ्याकडे बघ, बाळा."

लेकीने बघितलं. फोटो काढून झाला, तरी त्यांनी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला नाही.