आईकडे रोज संध्याकाळी येणारी

मी या ग्रुपवर दोन वर्षं नुसती वाचतेय. तवा तापेपर्यंत एक अनुभव, असं. आणि खरं सांगते, वाचून हसायचे. भुतंबितं मला कधी पटली नाहीत, आणि आत्ताही हे भुताचं आहे असं मी म्हणत नाही... शाळा आठवीत सुटली, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं गाव गणपतीपुळ्याच्या पुढे, समुद्राला लागून. वडील गेल्यावर ओळखीतून सोलापूरला आले, काकूंकडे. काकू मूळच्या माढ्याच्या. घरीच कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतात. मी भाकऱ्या थापते, पॅकिंग करते. पाच वर्षं झाली. मला टायफॉइड झाला तेव्हा काकू रात्रभर उशाशी बसून होत्या, हे मी विसरले तर मला पाप लागेल. फक्त चटणी त्या कुणाला दाखवत नाहीत. कुटायच्या वेळी दार लावून घेतात. त्यात काय पडतं, ते सुनेलासुद्धा माहीत नाही.

गावाकडे आई एकटी. वर्षातून एकदा गणपतीत जाते मी, एरवी रविवारी फोन. फोनवर ती रडायची. पण दिवाळीनंतर रडणं एकदम बंद. "संध्याकाळी सोबत असते गो मला," म्हणायची आणि लवकर फोन ठेवायची. कोण सोबत, विचारलं की नुसती हसायची. शेजारची कुणाची तरी मुलगी असणार... मी इथे तव्यापुढे भाजून निघतेय, आणि माझ्या जागेवर तिथे दुसरीच येऊन बसलीय! खोटं कशाला बोलू — त्या न पाहिलेल्या मुलीवर मी जळत होते. भाकरी थापताना हात जोरात पडायचा.

सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला. काकूंचा मुलगा अमोलदादा म्हणाला, "आई, समुद्र बघायचा हाय म्हणत हुतीस न्हवं? हिच्या गावाकडंच जाऊ की." मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करत आम्ही रत्नागिरीला उतरलो. दुसऱ्या दिवशी आरे-वारेचा किनारा. काकू साडी वर धरून पाण्यात उभ्या, "लई वडतंय गं पायाखालनं!" म्हणून ओरडत होत्या. दादा फोटो काढत होता. माझं कशात लक्ष नव्हतं. मला ती मुलगी बघायची होती.

पुळ्याचा गणपती करून दुपारी घरी पोचलो. आईने पानं वाढली. भात, माशाचं कालवण, काकूंना वेगळी डाळ — आणि एका वाटीत शेंगाचटणी. मी बघतच राहिले. आमच्या वाडीत ही चटणी कुणी करत नाही.

काकूंनी बोटावर घेऊन चाखली. हात तसाच राहिला. "ही माज्या हातची हाय," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. "तू डबा पाठवलास व्हय?"

"नाही काकू, शप्पथ." चोरून शिकले असं त्यांना वाटलं तर? पाच वर्षांचा विश्वास...

"मीच कुटली," आई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "हिनंच तर शिकवली. रोज येते ना ही संध्याकाळची. माझ्यासोबत केरसुणीसाठी झावळीचे हीर काढते, दिवा लावला की जाते."

"रोज?" अमोलदादा हसला. "सोलापूरवरनं अप-डाऊन करतीस काय गं? पेट्रोल कोन देतंय?"

काकू एवढंच म्हणाल्या, "ही काय शिकवणार? हिलाच कुटं ठावं हाय."

तेवढ्यात आईने माझा हात धरला. मनगटावर तव्याचा काळा डाग आहे, दिवाळीच्या ऑर्डरी करताना भाजलेला. "हे कधी भाजलं गो? काल तर नव्हतं."

आईचं वय झालं, तिला भास होतात, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं. पण मग चटणी?

संध्याकाळी काकू आणि दादा किनाऱ्यावर गेले. मी आईजवळ हीर, म्हणजे झावळीच्या पातीतल्या काड्या, काढायला बसले. सवय मोडलेली, पात सोलताना हीर मध्येच तुटत होते. तिचे डोळे अंगणाच्या फाटकाकडे.

"कुणाची वाट बघतेस?"

"तुझी," ती सहज बोलून गेली. मग माझ्याकडे बघितलं आणि हातातला हीर खाली ठेवला.

मी उठून फाटकाशी गेले. बाहेर कोणी नव्हतं, नुसती वाट आणि सुरूची झाडं. तरी मी फाटकाला दोरी गुंडाळली आणि म्हणाले, "ही माझी आई आहे. तू येऊ नकोस." इतक्या जोरात, की घसा दुखला.

सोलापूरला आल्यावर दुसऱ्याच दिवशी काकूंनी मला आत बोलावलं आणि दार लावलं. "तिकडं जी येती तिला येतंय, मग तुला का नगं? बस हितं." त्यांचे हे उपकार मी कशाने फेडू... आता मला ती चटणी येते.

पण रविवारच्या फोनवर आई पुन्हा रडते. "आता येत नाहीस गो." मी म्हणते, आई, आले होते ना मी, सगळ्यांना घेऊन? ती म्हणते, "त्या दिवसापासूनच नाही आलीस."

ती कोण होती, तिला चटणी कुणी दाखवली, तुम्हाला कळलं तर सांगा. माझी पुढची सुट्टी थेट गणपतीत. आईला सांगून फाटकाची दोरी सोडायला लावलीय. आणि इथे रोज दिवेलागणीच्या आधी, भाकरी तव्यावर टाकून, मी मनातल्या मनात म्हणते — जा गं तू तिच्याकडे. मी काही बोलणार नाही.