पिवळ्या सुया

लेकीकडे जर्मनीला गेले होते. तिच्या घरामागे स्प्रूसचं, म्हणजे सुईसारख्या पानांच्या उंच झाडांचं जंगल आहे, पण भर दुपारीसुद्धा तिथे एक पाखरू बोलत नव्हतं बघा. सुयांसारखी जुनी पानं पिवळी पडलेली, फक्त शेंड्याची कोवळी तेवढी हिरवी. शेजारचे आजोबा बुंध्यांशी पांढरं खत पसरत होते.

"मॅग्नेशियम आहे, आई," लेक म्हणाली. "माती आंबट झालीय, त्यात ते उरलंच नाही. म्हणून झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं."

मी आजोबांकडे बोट दाखवलं. "विचार गं त्यांना, कुणी केली आंबट?"

आजोबा हसले. लेक सांगू लागली, "म्हणतात, सगळे कारखान्यांच्या धुराने आंबट झालेल्या पावसाला नावं ठेवतात. पण ह्यांची आई दरवर्षी इथला पाचोळा झाडून गोठ्यात अंथरायची, आणि हे पोती वाहायचे. जंगल स्वच्छ होतंय असंच वाटायचं त्यांना. पण पाचोळा कुजून मातीला जे परत मिळायचं, तेच त्या पोत्यांतून गेलं."

"मग आता होतील का हिरवी?"

"होतील म्हणतात. पण आजोबांना ते बघायला मिळेल की नाही, ते झाडांना विचारा म्हणतात."

मीही जन्मभर अंगणातला पाचोळा झाडून पेटवला आणि वर कौतुक करून घेतलं. परत निघालो तर मागून खराट्यासारखा आवाज आला. दचकून वळले. आजोबा ओणवे होऊन नुसत्या हातांनी खत मातीत कालवत होते.