कोकिळाबाई नावाची बाई नव्हतीच

ज्या बाईच्या हातची भाकरी तुम्ही दोन-दोनदा मागून खाता, तिचं खरं नाव तुम्हाला माहीत आहे का? आठवून बघा. नसेल माहीत तर मान खाली घाला आणि पुढचं वाचा.

मानवतच्या सुकेशनीबद्दल बोलतोय मी. बौद्धवाड्यातली, चाळिशी ओलांडलेली, काटक बाई. नवरा होता तोवर दोघं ऊसतोडीला जायची. उघड्या फडात, वाऱ्यात, तीन दगडांच्या चुलीवर साऱ्या टोळीच्या भाकरी ही एकटी थापायची. नवरा गेला, कोयता सुटला, हात तेवढा राहिला. तो हात हेरला आप्पारावनं.

आप्पाराव सहली काढतो. दिवाळी झाली की त्याची बस परभणी, सेलू करत माणसं गोळा करते आणि कोकणात समुद्र दाखवायला नेते. आपली माणसं कशी आहेत ते काय सांगायचं? समुद्र कोकणातला पाहिजे, पण भाकरी ज्वारीचीच. दोन वेळा भात खाल्ला की लगेच पोट धरून बसतात. म्हणून असल्या गाडीच्या डिक्कीत शेगडी, पीठ, मिरच्या आणि सोबत एक आचारीण असतेच. गाडी कशी आहे हे कुणी विचारत नाही. सैपाकाला कोण हाय, एवढं विचारतात.

मेख इथंच होती. पहिल्याच सहलीला आप्पारावनं सुकेशनीला बाजूला घेतलं.

"बाई, गाडीत नाव कोकिळा सांगायचं. कुणी आडनाव इचारलं तर नुसतं हसायचं."

"का बरं आप्पा? माझ्या नावाला काय झालंय?"

"तुझ्या नावाला काय न्हाई गं. पण लोकं जेवायचे न्हाईत. मी काय करू?"

पोरगी संघप्रिया तेव्हा नर्सिंगला होती, तिची फी भरायची होती. सुकेशनीनं गळ्यातलं बाबासाहेबांचं लॉकेट ब्लाउजच्या आत टाकलं आणि ती कोकिळा झाली. हंगामामागून हंगाम कोकिळाच राहिली. लोक हरिहरेश्वरला दर्शन घ्यायचे, दिवेआगरला पाण्यात नाचायचे, दिघीच्या धक्क्यावरून होडीत बसून जंजिऱ्याला जायचे. ही गाडीमागं शेगडी पेटवून बसायची. "आप्पा, मला बी किल्ला बघायचाय," म्हणाली की उत्तर ठरलेलं, "पुढच्या खेपेला नक्की."

मागच्या हिवाळ्यात तिनं ती पुढची खेप आणलीच. पहाटे उठून सगळा सैपाक उरकला. नवं लुगडं नेसली आणि दिघीला होडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आप्पाराव धावत आला.

"तू कुठं निघालीस?"

"आपलं ठरलंय की. सैपाक झालाय समदा."

"लोकायला गरम भाकरी लागती."

"आल्यावर करते की गरम. पीठ मळून ठेवलंय."

तेव्हा त्यानं आवाज खाली आणला. "होडीत मांडीला मांडी लावून बसावं लागतंय, बाई. उद्या कुणाला कळलं तर? माणसानं आपली पायरी वळखावी."

घ्या! इतकी वर्षं हा लोकांचं नाव पुढं करत होता. कीड ह्याच्याच डोक्यात होती.

सुकेशनी रांगेतून बाहेर आली. रडली नाही. गाडीमागं गेली, पदर खोचला, पहाटेचं सगळं बाजूला सारलं आणि आजवर केला नसेल असा सैपाक नव्यानं केला. पापुद्रा सुटलेल्या भाकरी, लसणाचा झणझणीत झुणका, मिरचीचा ठेचा. डाव मनात शिजला होताच.

किल्ला बघून माणसं भुकेनं कावलेली परत आली आणि धक्क्यावरच पंगत बसली. सेलूच्या मालनबाई, सहलीतल्या वयानं सगळ्यात मोठ्या, बोटं चाटत म्हणाल्या, "कोकिळे, हात हाय का जादू गं! टाक अजून अर्धी."

अर्धी वाढली. सगळ्यांच्या ताटात शेवटचा घास राहिला तसे सुकेशनीनं हात पुसले आणि किल्ला दाखवून सोबत आलेल्या गाइडच्या गळ्यातला माइक मागितला. तो हसत म्हणाला, "घ्या ताई, गाणं म्हणताय का?"

"ऐका समदे! मी कोकिळा न्हाई. मी सुकेशनी. मानवतच्या बौद्धवाड्यातली. खोटं नाव मला ह्या आप्पानं दिलं, का तर तुमी माझ्या हातचं खाणार न्हाईत म्हणून. खाल्लं ना आता? गेलं ना पोटात? काढा भाईर!"

लॉकेट तिनं बाहेर काढून छातीवर ठेवलं होतं.

सटवाजी नावाचा एक बहाद्दर खरंच कठड्याकडं पळाला आणि घशात बोटं घालायला लागला. आलं काहीच नाही. मालनबाई हातातली अर्धी भाकरी तशीच धरून आप्पारावकडं वळल्या. "मी खाती का न्हाई, मला इचारलं व्हतंस का रं? तुझं पाप माझ्या नावावर कशाला?" आणि भाकरी खाल्ली. मी त्यांचं कौतुक करणार नाही. आडनाव किती वेळा त्यांनीच विचारलं होतं.

आप्पाराव लालबुंद. "घे तुझं सामान अन् चालती हो!"

"घेते की," सुकेशनी म्हणाली. शेगडी तिची, तवा तिचा, परात तिची. सगळं उचललं. परतीच्या वाटेवर गाडीत पीठ होतं, तवा नव्हता. भुकेली माणसं काय काय बोलतात ते आप्पारावनं परभणीपर्यंत ऐकलं.

ती मात्र पुढच्या होडीत बसली, मांडीवर परात घेऊन. मी नंतर विचारलं, "कसा वाटला किल्ला?"

"बरा हाय. पण आप्पाच्या तोंडाची सर न्हाई त्याला."

आता ती भाड्यानं बस घेऊन स्वतःच सहली काढते. पाटीवर दुरून वाचता येईल असं 'सुकेशनी' लिहिलंय. ती बस ती बरोबर आप्पारावच्या ऑफिससमोर लावते. "खिडकी उघडली की त्याला माझंच नाव दिसलं पाहिजे," म्हणते. त्यानं निरोप धाडला होता, ताई, झालं गेलं सोडून द्या. हिनं उलट धाडला, ताई राहू दे, चौकात उभं राहून नाव घे.

नाव त्यानं घेतलं नाही. उलट दुसरी बाई ठेवली. जिंतूरकडची, आमच्याच बौद्ध समाजातली. तिला गाडीत शकुंतला म्हणतात.

म्हणून सांगतो, ह्या हंगामात आप्पारावच्या गाडीत बसू नका. फुकट नेतो म्हणाला तरी बसू नका. आणि का बसत नाही, ते त्याच्या तोंडावर सांगा.